एका पंगतीला तीन बिले कशासाठी?

प्रति,
मोबाइल अ‍ॅपवरून हॉटेलचे जेवण घरपोच देणाऱ्या कंपन्यांचे संचालक आणि अ‍ॅपची रचना ठरवणारे अधिकारी यांस,



हे पत्र कर्नाटकाच्या उत्तर टोकावरून, बिदर आणि कलबुर्गी या दोन जिल्ह्यांतून येत आहे. औराद, भालकी, कमलनगर, बसवकल्याण, आळंद या तालुक्यांत मराठी बोलणारी घरे पिढ्यानपिढ्या नांदत आहेत. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याच्या मुलखाची वाटणी झाली, तेव्हा हा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. तेव्हापासून घरात मराठी, कचेरीत कन्नड आणि बाजारात दख्खनी असा इथला रोजचा व्यवहार आहे. ताटही तसेच आहे. लातूर-धाराशिवकडे होते तशीच इथेही वेळ अमावास्येची येळवस होते, शेतात भज्जी, आंबील आणि उंडे यांची पंगत बसते. त्याच घरातल्या मुलांना कलबुर्गीची तहारी आवडते आणि त्याच घरातले आजोबा उडपी हॉटेलच्या इडलीवर खूश असतात.

आपल्या अ‍ॅपने गेल्या काही वर्षांत बिदर आणि कलबुर्गी या दोन्ही शहरांतल्या घरांची मोठी सोय केली, हे आधी मान्य करायला हवे. हॉस्पिटलात पेशंटजवळ बसलेल्या नातेवाइकाला, वसतिगृहातल्या विद्यार्थ्याला, नोकरी करून रात्री आठला घरी पोहोचणाऱ्या बाईला जेवण दारात मिळते. तक्रार या सोयीबद्दल नाही. तक्रार आहे ती एका गोष्टीबद्दल: आपले अ‍ॅप धरून चालते की एका घरातली सगळी माणसे एकाच हॉटेलचे खातात. या भागात तसे होत नाही. म्हणून या पत्रातली मुख्य मागणी सुरुवातीलाच सांगितलेली बरी. जवळजवळच्या दोन-तीन हॉटेलांतून एकाच ऑर्डरमध्ये जेवण मागवता यावे, ते एकाच माणसाने आणावे, आणि घरपोच आणण्याचा आकार एकदाच लागावा.

कलबुर्गीतल्या कोणत्याही मराठी घरातला पाहुण्यांचा रविवार डोळ्यांपुढे आणा. सोलापूरहून माणसे आली आहेत. आजीला खानावळीची ज्वारीची भाकरी, भरली वांगी आणि शेंगाचटणी हवी. पोरांना तहारी हवी, म्हणजे तांदूळ आणि मटण एकत्र शिजवलेला, या शहराचा नावाजलेला भात. आजोबांना पथ्य, त्यांना इडली आणि दहीभात. घरातली मुलगी फोन हातात घेते. आधी खानावळीच्या चार भाकरी कार्टमध्ये टाकते. मग तहारीचे हॉटेल उघडून एक प्लेट निवडते, तर काही अ‍ॅपच्या पडद्यावर प्रश्न येतो: आधीची कार्ट रिकामी करायची का? ती 'नको' म्हणते, भाकरीची ऑर्डर आधी पूर्ण करते, पैसे भरते, ओटीपी टाकते. मग तहारीसाठी हेच सगळे पुन्हा. मग इडलीसाठी तिसऱ्यांदा.

त्यानंतर तीन माणसे तीन दिशांनी निघतात. तिघांचेही पत्ता विचारायला फोन येतात. राम मंदिर सर्कलपासून कसे यायचे, हे घरातला एक जण तीन वेळा समजावून सांगतो. पहिला डबा येतो तेव्हा तिसऱ्या ऑर्डरला हॉटेलने नुकताच हात लावलेला असतो. गरम भाकरी प्लॅस्टिकच्या बंद डब्यात ठेवली की वाफेने घाम धरते, मऊ पडते, मग चिवट होते. आजी सगळ्यांची वाट पाहते, कारण पंगतीत एकट्याने जेवायला बसायची तिला सवय नाही. तहारी येते तोवर भाकरी ओढून तोडावी लागते. तिन्ही हॉटेले एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर असली तरीही हे असेच होते.

आता पैशांचे बघू. २०२३ च्या एप्रिलमध्ये स्विगीने आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये झोमॅटोने प्रत्येक ऑर्डरमागे दोन रुपये प्लॅटफॉर्म फी लावायला सुरुवात केली. २०२५ च्या सणासुदीपर्यंत ती बारा-पंधरा रुपयांच्या घरात गेली. घरपोच आणण्याच्या आकारावर २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के जीएसटी लागतो. समजा, प्लॅटफॉर्म फी १२ रुपये आणि पोहोच-आकार ३० रुपये धरला, तर एका ऑर्डरला या दोन्हींचे करासह साधारण ५० रुपये होतात. तीन ऑर्डरींचे दीडशे. जेवण तेच, घर तेच, गल्ली तीच, आणि केवळ तीन तुकडे पडले म्हणून शंभर रुपये जास्त. यात प्रत्येक हॉटेलचा पॅकिंगचा आकार वेगळा आहेच. ऑर्डर लहान असेल तर 'स्मॉल कार्ट'चा आकार आणखी वेगळा. मेंबरशिप घेतली तरी मोफत पोहोचवण्यासाठी जी किमान रक्कम लागते, ती प्रत्येक ऑर्डरला वेगळी मोजली जाते. चार भाकरी आणि एका भाजीची ऑर्डर त्या रकमेपर्यंत पोहोचतच नाही.

हे आकार दिसतात तेही शेवटच्या पानावर, पैसे भरायची वेळ आल्यावर. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ग्राहकाला फसवणाऱ्या रचनांविषयी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यात १३ प्रकार नोंदवले आहेत, आणि किंमत थेंबाथेंबाने उघड करत नेणे हा त्यातला एक आहे. आपल्याकडून एवढीच अपेक्षा आहे की पदार्थ निवडतानाच, वरच्या बाजूला, घरी येईपर्यंत एकूण किती पडणार हा आकडा दिसत राहावा. एकत्र ऑर्डरची सोय येईल तेव्हा हा आकडा जास्तच गरजेचा होईल, कारण दुसरे हॉटेल जोडले तर किती रुपये वाढतात, हे ग्राहकाला तिथेच कळायला हवे.

आपल्यापैकी कोणी म्हणेल की ही सोय तांत्रिकदृष्ट्या अवघड आहे. पण आपलाच रोजचा कारभार पाहिला तर तसे वाटत नाही. आपला डिलिव्हरीवाला आजही एका फेरीत दोन हॉटेलांतून दोन डबे उचलतो आणि दोन वेगवेगळ्या घरी देतो. गर्दीच्या वेळी तर हे सर्रास चालते. दोन हॉटेले आणि दोन घरे यांचा मेळ आपली यंत्रणा घालू शकते, तर दोन हॉटेले आणि एकच घर हे गणित त्याहून सोपे आहे. २०२३ च्या ऑगस्टमध्ये झोमॅटोने चार हॉटेलांच्या कार्ट एकाच वेळी भरून ठेवण्याची सोय दिली. पाऊल योग्य दिशेचे होते. पण कार्ट शेजारी-शेजारी राहिल्या, तरी प्रत्येक ऑर्डर वेगळी द्यायची हे कायम राहिले. अमेरिकेत डोअरडॅश या कंपनीने २०२१ मध्ये, हॉटेलची ऑर्डर दिल्यावर जवळच्या दुसऱ्या दुकानातली वस्तू त्याच फेरीत, वेगळा पोहोच-आकार न लावता जोडण्याची सोय सुरू केली.

आपल्या देशातही एका ऑर्डरमध्ये अनेक नावांचे जेवण मागवता येते, आणि त्या उदाहरणाचा संबंध पुण्याशी आहे. पुण्यात फासोस नावाने रोल विकत सुरू झालेली कंपनी आज रेबेल फूड्स म्हणून ओळखली जाते. तिच्या इटशुअर या अ‍ॅपवर बिर्याणी एका नावाची, पिझ्झा दुसऱ्या नावाचा आणि गोड पदार्थ तिसऱ्या नावाचा, असे सगळे एकाच ऑर्डरमध्ये घेता येते. हे शक्य होते, कारण यांतली बरीच नावे एकाच मालकाची असतात आणि ते पदार्थ बहुधा एकाच छपराखाली शिजतात. ज्या कंपनीकडे पाच ब्रँड आणि एक मोठे स्वयंपाकघर आहे, तिला एका पंगतीचे सगळे जेवण देता येते. ज्या बाईकडे एक चूल, एक तवा आणि भाकरीचा हात आहे, तिला ते देता येत नाही. तिच्याकडून फक्त भाकरी मागवायची तर ग्राहकाला पूर्ण आकार सोसावा लागतो, म्हणून तो मागवतच नाही. एकत्र ऑर्डर नसल्याचा खरा फटका बसतो तो हिला.

उत्तर कर्नाटकातल्या खानावळी बाहेरच्या माणसाला माहीत नसतील, म्हणून थोडे सांगायला हवे. कलबुर्गीत बस स्टँड, सुपर मार्केट, कोर्ट या भागांत दोन-चार टेबलांच्या खानावळी असतात. पुष्कळ खानावळी बायकाच चालवतात. ज्वारीची भाकरी, एखादी उसळ, अंबाडीची भाजी, झुणका, शेंगाचटणी, वर दही, एवढाच मेनू. ही चव घरी कोणाला जमत नाही असे नाही. पण आज शहरातल्या अनेक घरांत भाकरी थापणारे हात उरलेले नाहीत, आणि म्हातारी माणसे मात्र भाकरीवाचून जेवत नाहीत. त्यांच्यासाठी खानावळ हाच आधार आहे.

या भाकरीला बाहेर किती मागणी आहे, हे कलबुर्गीने दाखवून दिले आहे. जिल्ह्यातल्या बचत गटांच्या बायकांनी ज्वारीच्या भाकरीचा ब्रँड उभा केला. २९ जून २०२५ च्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनी त्याचा उल्लेख केला. रोज तीन हजारांहून जास्त भाकरी तयार होतात, बंगळुरूत त्यांचे खास काउंटर निघाले आहे आणि खाद्यपदार्थांच्या ऑनलाइन मंचांवरूनही मागणी येते, असे त्यांनी सांगितले. कडक भाकरी बरेच दिवस टिकते, त्यामुळे ती दूरवर जाते. गरम भाकरीला मात्र अर्ध्या तासाच्या आत ताट लागते. कलबुर्गीची भाकरी बंगळुरूच्या डब्यात पोहोचते आणि कलबुर्गीतच एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत तहारीच्या सोबतीने पोहोचत नाही, हे आपल्याला दुरुस्त करता येईल.

खानावळवालीच्या अडचणी आणखीही आहेत. १ जानेवारी २०२२ पासून अ‍ॅपवरून विकल्या जाणाऱ्या हॉटेलच्या जेवणावरचा पाच टक्के जीएसटी आपण गोळा करून भरता. जिचा धंदा इतका लहान आहे की तिला एरवी जीएसटीची नोंदणी लागत नाही, तिच्याही अ‍ॅपवरच्या भाकरीला तो लागतो. हा कायदा आपण केलेला नाही. पण त्यावर आपले कमिशन चढते, तेव्हा अ‍ॅपवरची भाकरी टेबलावरच्या भाकरीपेक्षा महाग होते आणि ग्राहकाला वाटते की बाईने भाव वाढवला. हॉटेलचालकांच्या राष्ट्रीय संघटनेने कमिशन आणि इतर अटींविषयी तक्रार केली होती, आणि भारतीय स्पर्धा आयोगाने एप्रिल २०२२ मध्ये चौकशीचा आदेश दिला होता. मोठ्या हॉटेलांना वकील मिळतात, संघटना मिळते. दोन टेबलांच्या खानावळीला ते मिळत नाही. म्हणून विनंती अशी: शंभर-दीडशे रुपयांच्या आतल्या ऑर्डरवर लहान खानावळींसाठी कमिशनचा वेगळा, कमी दर ठरवावा आणि बिलावर पदार्थाची हॉटेलातली किंमत, कर आणि अ‍ॅपचा आकार हे तीन आकडे वेगवेगळे छापावेत. अन्न सुरक्षा प्राधिकरणाची (एफएसएसएआय) नोंदणी लहान खाद्यव्यवसायासाठी सोपी आहे. ती करून देण्यासाठी आपला एखादा माणूस महिन्यातून एकदा शहरात बसला, तरी अनेक खानावळी अ‍ॅपवर येतील.

एकत्र ऑर्डरीतल्या खऱ्या अडचणींकडेही बघायला हवे, नाहीतर ही मागणी अर्धवट ठरेल. पहिली अडचण वेळेची. तहारी डेगीत तयारच असते, भाकरी मात्र मागितल्यावर थापली जाते. दोन्हींना एकाच क्षणी ऑर्डर गेली तर तहारी पॅक होऊन निवत पडेल. यावर उपाय आहे. कोणत्या हॉटेलला कोणता पदार्थ तयार करायला किती वेळ लागतो, याची नोंद आपल्याकडे आहेच. त्यावरून भाकरीवालीला ऑर्डर आधी पाठवावी, तहारीवाल्याला दहा मिनिटांनी. दुसरी अडचण अंतराची. तिच्यासाठी मर्यादा घालावी: हॉटेले एकमेकांपासून दीड किलोमीटरच्या आत असावीत आणि एका ऑर्डरीत तीनपेक्षा जास्त नसावीत. तिसरी अडचण एका हॉटेलने ऑर्डर नाकारली तर काय, ही आहे. तेव्हा ग्राहकाला लगेच विचारावे: उरलेले पाठवू की सगळे रद्द करू? ज्या हॉटेलचे जेवण आले नाही, तेवढ्याचे पैसे त्याच दिवशी परत यावेत. चौथी, बिलाची. प्रत्येक हॉटेलचे कराचे बिल वेगळे असणे योग्यच आहे. तीन बिले एका पावतीत जोडून मिळाली तरी चालतील, पोहोच-आकार आणि प्लॅटफॉर्म फी मात्र एकदाच लागावी.

पाचवी अडचण पावित्र्याची आणि पथ्याची, आणि या भागात ती नाजूक आहे. एकाच पिशवीत तहारी आणि उपवासाचे जेवण आलेले अनेक घरांना चालणार नाही. काही घरांना चालेल. १९ मार्च २०२४ रोजी झोमॅटोने शाकाहारी जेवणासाठी हिरव्या गणवेशाची वेगळी फौज जाहीर केली. लोकांनी आक्षेप घेतला आणि वेगळ्या गणवेशाची कल्पना लगेच मागे घ्यावी लागली. गणवेशावरून माणूस ओळखू येतो, मग कोणत्या घरी कोण आले यावरून गल्लीत वाद होऊ शकतो, हे त्या वेळी पुढे आले. सीमाभागातल्या मिश्र वस्तीला तो मार्ग मुळीच मानवणार नाही. एकत्र ऑर्डर देताना ग्राहकाला एक खूण करता यावी: शाकाहारी डबे वेगळ्या, सीलबंद पिशवीत ठेवा. माणूस तोच, गाडी तीच, पिशव्या दोन. घरातल्या आजीचे समाधान होईल आणि मुलांची तहारीही येईल.

आता ज्याच्या पाठीवर हे सगळे जेवण येते, त्याच्याविषयी. ही मागणी मान्य करताना तिचा भार त्याच्यावर पडला, तर ती मान्य न केलेली बरी.

एप्रिल-मेमध्ये कलबुर्गीचे ऊन त्रेचाळीस अंशांच्या वर जाते. कर्नाटक सरकार या दोन महिन्यांत कलबुर्गी विभागातल्या जिल्ह्यांमधल्या सरकारी कचेऱ्यांची वेळ बदलते. २०२५ मध्येही ती सकाळी आठ ते दुपारी दीड अशी केली होती. म्हणजे भर दुपारी माणसाने बाहेर राहू नये, हे सरकारने मान्य केले आहे. आपल्या डिलिव्हरीवाल्यांची गर्दीची वेळ मात्र नेमकी साडेबारा ते अडीच. ऑर्डर तयार होईपर्यंत तो हॉटेलबाहेर उभा असतो. अनेक हॉटेलांत त्याला आत बसू देत नाहीत, पाणी मागायचे तर बाहेरच्या नळावर. एकत्र ऑर्डरीत त्याला तीन हॉटेलांबाहेर उभे राहावे लागले, आणि पैसे मात्र एका फेरीचेच मिळाले, तर तो नाराज होईल आणि त्याचे म्हणणे बरोबर असेल.

म्हणून हिशेब असा मांडावा. वर धरलेल्या आकड्यांत ग्राहकाचे शंभर रुपये वाचतात. त्यातले दुसऱ्या आणि तिसऱ्या हॉटेलमागे पंधरा-पंधरा रुपये सरळ डिलिव्हरीवाल्याला द्यावेत. ग्राहकाचे तरीही सत्तर वाचतात. दहा मिनिटांपेक्षा जास्त थांबावे लागले तर मिनिटाप्रमाणे वेगळा मोबदला द्यावा. उन्हाळ्यात दुपारच्या फेऱ्यांना जादा दर असावा, आणि तो ग्राहकाकडून न घेता कंपनीने सोसावा. आपल्या भागीदार हॉटेलांशी होणाऱ्या करारात एक कलम वाढवावे: डिलिव्हरीवाल्याला सावलीत बसायला जागा आणि प्यायला पाणी.

कायदाही आता याच दिशेने सरकत आहे. राजस्थानने २०२३ मध्ये गिग कामगारांसाठी देशातला पहिला कायदा केला. कर्नाटकाने मे २०२५ मध्ये वटहुकूम काढला आणि ऑगस्टमध्ये विधिमंडळाने विधेयक मंजूर केले. प्रत्येक व्यवहारात कामगाराला दिलेल्या रकमेच्या एक ते पाच टक्के इतके कल्याण शुल्क, कामगारांचे कल्याण मंडळ, काम काढून घेण्याआधी लेखी कारण आणि चौदा दिवसांची सूचना, अशा तरतुदी त्यात आहेत. कोणत्या नियमाने काम वाटले जाते, हे कामगाराला सांगण्याची जबाबदारीही कंपनीवर आहे. बिदरमधल्या पोराला त्याचे खाते बंद झाल्याची बातमी आजही फोनवरच्या एका ओळीतून कळते आणि दाद मागायला शहरात कार्यालय नसते. बंगळुरूत चार माणसे मोर्चा काढू शकतात, बिदरला ते जमत नाही. कायद्याचे पालन राजधानीत दिसते, तसे ते जिल्ह्याच्या ठिकाणीही दिसावे. बिदर आणि कलबुर्गीत आठवड्यातून दोन दिवस तरी तक्रार ऐकणारा माणूस बसवावा.

पत्त्याचा प्रश्न याच्याशी जोडलेला आहे. बिदरच्या जुन्या शहरात चौबाऱ्याच्या भोवतीच्या गल्ल्यांत, महमूद गावानच्या मदरशामागे, किल्ल्याच्या तटाकडेला घरांना पाटीवरचे क्रमांक असून नसल्यासारखे आहेत. तिथे पत्ता सांगायचा तो देवळावरून, दर्ग्यावरून, पिठाच्या गिरणीवरून. नकाशावरची खूण शेजारच्या गल्लीत पडते आणि डिलिव्हरीवाला बंद वाटेच्या तोंडाशी उभा राहतो. तीन वेगळ्या ऑर्डरींत हा गोंधळ तीनदा होतो. एकत्र ऑर्डरने तो एकदाच होईल, पण तोही टाळता येईल. ग्राहकाला आपल्या आवाजात पत्ता नोंदवून ठेवता यावा, मराठीत, कन्नडात किंवा दख्खनीत. इथला डिलिव्हरीवाला बहुधा या तिन्ही भाषा समजतो. लिहिलेल्या इंग्रजी पत्त्यापेक्षा आवाजातला पत्ता त्याला लवकर कळतो.

पदार्थ शोधण्याचेही तसेच आहे. झोमॅटोने २०२२ मध्ये सांगितले होते की हिंदीबरोबर मराठी, कन्नड, तेलुगू अशा अनेक भाषांत त्यांचे अ‍ॅप चालते. बटणे मराठीत येतात, ही चांगली गोष्ट आहे. पण मेनू हॉटेलने ज्या स्पेलिंगमध्ये भरला, तसाच बहुधा राहतो. आजीने मराठीत भाकरी शोधली, सुनेने कन्नडात जोळद रोट्टी शोधली आणि शेजारणीने हिंदीत ज्वार की रोटी शोधली, तर तिघींपुढे त्याच खानावळीचे नाव यायला हवे. मेनू भरतानाच खानावळवालीला या तिन्ही भाषांतली नावे यादीतून निवडता यावीत.

एकत्र अन्नाची कल्पना या मुलखाला नवी नाही. अफझलपूर तालुक्यातल्या गाणगापूरला, भीमा आणि अमरजेच्या संगमाजवळ, रोज दुपारी भाविक माधुकरी मागतात. निदान पाच घरांपुढे झोळी धरायची आणि पाच घरचे अन्न एका झोळीतून आणायचे, अशी तिथली रीत आहे. महाराष्ट्रातून जाणाऱ्या हजारो भाविकांना ती ठाऊक आहे. एकाच घरचे पूर्ण जेवण मागायचे नाही, प्रत्येक घरचे थोडे थोडे घ्यायचे. आपल्या अ‍ॅपने दोन-तीन हॉटेलांचे थोडे थोडे एकत्र आणण्याची वाट मोकळी केली, तर इथल्या माणसाला ती वापरायला शिकवावी लागणार नाही.

आपल्या व्यवसायालाही यात तोटा नाही. मुंबई-बंगळुरूत ग्राहक मिळवण्याची चढाओढ टोकाला गेली आहे. पुढची वाढ बिदर, कलबुर्गी, लातूर, नांदेड अशा शहरांतूनच येणार, आणि या शहरांत माणसे एकेकटी जेवत नाहीत, घरे जेवतात. बाराशे रुपयांची एक पंगत तीन तुकड्यांत विभागली, तर त्यातला एखादा तुकडा गळतोच. गळणारा तुकडा बहुधा खानावळीचा असतो. पंगत एकसंध राहिली तर तिन्ही चुलींना काम मिळते आणि अ‍ॅपला पूर्ण बाराशेंवर कमिशन मिळते. बिदरला पशुवैद्यकीय विद्यापीठ आहे, वैद्यकीय आणि अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत, हवाई दलाचा तळ आहे. कलबुर्गीजवळ कडगंचीला केंद्रीय विद्यापीठ आहे. वेगवेगळ्या प्रांतांतून आलेली, एका खोलीत राहणारी आणि तीन चवींचे जेवण मागणारी माणसे या शहरांत मोठ्या संख्येने आहेत. त्यांचीही गरज हीच आहे.

तेव्हा या पत्रातल्या मागण्या थोडक्यात पुन्हा मांडतो.

१. दीड किलोमीटरच्या आतली जास्तीत जास्त तीन हॉटेले एका ऑर्डरमध्ये जोडता यावीत. पोहोच-आकार आणि प्लॅटफॉर्म फी एकदाच लागावी.

२. पदार्थ तयार होण्याच्या वेळेनुसार प्रत्येक स्वयंपाकघराला ऑर्डर पुढेमागे जावी. एका हॉटेलने नाकारले तर ग्राहकाला विचारूनच पुढे जावे.

३. दुसऱ्या आणि तिसऱ्या हॉटेलमागे, थांबण्याच्या वेळेमागे आणि उन्हाळ्यातल्या दुपारच्या फेऱ्यांमागे डिलिव्हरीवाल्याला वेगळा मोबदला मिळावा आणि तो त्याच्या पावतीवर स्पष्ट दिसावा.

४. लहान खानावळींना कमी कमिशन आणि नोंदणीसाठी मदत मिळावी.

५. शाकाहारी डबे वेगळ्या सीलबंद पिशवीत मागवता यावेत.

६. पत्ता आवाजात नोंदवता यावा आणि पदार्थ मराठी, कन्नड, हिंदी अशा कोणत्याही भाषेत शोधता यावा.

७. पदार्थ निवडतानाच एकूण रक्कम दिसावी.

हे सगळे देशभर एकदम करा, असे म्हणणे नाही. एक शहर निवडा. कलबुर्गीत सुपर मार्केट ते स्टेशन रोड या पट्ट्यात खानावळी, तहारीची हॉटेले आणि उडपी हॉटेले एकमेकांना लागून आहेत. तिथे तीन महिने ही सोय चालवून पाहा. त्यात किती ऑर्डरी एकत्र आल्या, डिलिव्हरीवाल्याला तासाला किती मिळाले, खानावळींचा धंदा किती वाढला आणि जेवण किती वेळात पोहोचले, हे आकडे जाहीर करा. आकडे वाईट आले तर रचना बदला. चांगले आले तर बिदरला या, मग भालकी-बसवकल्याणला या. सुरुवात येत्या उन्हाळ्याआधी व्हावी, म्हणजे दुपारच्या उन्हात एका घरासाठी तीन माणसांना तीन फेऱ्या माराव्या लागणार नाहीत.

आपल्यापैकी जी कंपनी हा प्रयोग करायला तयार होईल, तिने आपले उत्तर मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांतल्या स्थानिक वर्तमानपत्रांत द्यावे, ही विनंती. खानावळी चालवणाऱ्या बायका, डिलिव्हरीचे काम करणारी पोरे आणि ग्राहक या तिघांनाही ते एकाच वेळी वाचता यावे. उत्तराची वाट पाहत आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
बिदर-कलबुर्गी सीमाभागातील एक मराठी पत्रलेखक